पॅथॉलॉजीचं वर्ष आणि मानेतली गाठ

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीर कसं चालतं ते शिकवतात, दुसऱ्या वर्षात ते कसं बिघडतं ते. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकोलॉजी एकदम अंगावर येतात, वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होतात, आणि याच सुमारास काही मुलांना एक त्रास सुरू होतो. त्याबद्दल ती घरी बोलत नाहीत. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धडा वाचताना हात मानेकडे जातो आणि बोटांना गाठ लागते. न्यूरोलॉजीच्या वॉर्डातून आल्यावर रात्री पोटरी फडफडते आणि पहिलं नाव आठवतं ते एएलएस या मज्जातंतूंच्या दुर्धर आजाराचं. हृदयरोगाचं युनिट संपेपर्यंत छातीत धडधड सुरू झालेली असते. मित्रांना सांगावं तर हसतील, आईला सांगावं तर ती रात्रभर झोपणार नाही.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आता तो लिहायलाच हवा, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथचं महाविद्यालय होतं. शिवाय कळवा, शीव, परळ, भायखळ्याला लोकलने शिकायला जाणारी मुलं आहेतच. नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, डीएमएलटी शिकणाऱ्यांनीही हे आपल्यासाठी आहे असं समजून वाचावं. आजारांची नावं सगळ्यांच्याच पुस्तकांत आहेत.

तुम्ही काही पहिले नाही. १९६०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी सांगितलं, की वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी ७० ते ८० टक्के जणांना कधी ना कधी आपल्याला वाचलेला आजार झाला आहे असं वाटून जातं. पुढे १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये होव्स आणि साल्कोव्हस्किस यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांची तुलना इतर विद्यार्थ्यांशी केली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी जास्त घाबरट निघाले नाहीत. मला हे दुसरं निरीक्षण अधिक महत्त्वाचं वाटतं. तब्येतीची काळजी या वयात सगळ्यांनाच वाटते. तुमच्याकडे फक्त त्या काळजीला देण्यासाठी भारदस्त नावं असतात. इंजिनीअरिंगच्या मुलाला ‘डोकं दुखतंय’ एवढंच म्हणता येतं, तुम्हाला त्यातून ट्यूमरच्या दहा जाती आठवतात.

हे का होतं ते नीट समजून घ्या, निम्मा भार तिथेच उतरतो. पाठ्यपुस्तकात दुर्मीळ आजाराला आणि साध्या सर्दीला सारखीच जागा मिळते, उलट दुर्मीळ आजाराला जास्तच, कारण परीक्षेत तोच विचारतात. त्यामुळे कोणता आजार किती जणांना होतो याचा अंदाज पुस्तक वाचून येत नाही, बिघडतो. वॉर्डातही तेच. कल्याण-कसाऱ्यापासून कर्जतपर्यंतच्या लाखो लोकांतून गाळून आलेले सर्वांत आजारी रुग्ण एकाच दालनात तुमच्यासमोर असतात. मानेत गाठ असलेली आणि काहीही न झालेली हजारो माणसं त्या वेळी घरी जेवत असतात, ती तुम्हाला दिसत नाहीत. त्यात लक्ष जिथे रोखावं तिथे शरीर काहीतरी सांगतंच. हे वाचताना दोन मिनिटं जिभेकडे लक्ष द्या, ती तोंडात जड वाटू लागेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते याच अर्थाने खरं आहे.

निरोगी शरीर आधी शिका

माझा सगळ्यात ठाम सल्ला हा, की आजार वाचण्याआधी निरोगी शरीराचे नाना नमुने वाचा आणि पाहा. अभ्यासक्रमात त्यांना फार थोडी जागा आहे आणि भीती नेमकी त्याच जागेत वाढते.

मानेतली गाठ घ्या. तरुण, सडपातळ माणसाच्या मानेत आणि जांघेत एक सेंटिमीटरच्या आतल्या, मऊ, हलणाऱ्या लसिकाग्रंथी बोटांना लागणं अगदी सामान्य आहे. लहानपणापासूनचे घसे, दातांचे त्रास, पायाच्या जखमा यांच्या त्या खुणा. रोज दहा वेळा दाबलं तर ती जागा दुखू लागते, आणि दुखू लागली की वाढली असं वाटतं. उराच्या हाडाचं खालचं टोक, झिफॉइड, वजन थोडं उतरलं की पोटाच्या वरच्या बाजूला टणक लागतं. त्याला गाठ समजणारे किती तरी आहेत. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढली की मागे उलट्या ‘व्ही’च्या आकारात मोठे उंचवटे दिसतात. ते प्रत्येकाच्या जिभेवर असतात. ॲनाटॉमीत तुम्ही त्यांची आकृती काढलेली आहे, फक्त ती स्वतःच्या तोंडात आहे हे विसरलात.

नाडीवर बोट ठेवून श्वास आत घ्या. नाडी जलद होते, सोडताना मंदावते. तरुणांमध्ये हे निरोगी हृदयाचं लक्षण आहे. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात येतो, तेही जागरणात, चहा-कॉफीच्या माऱ्यात, परीक्षेच्या तोंडावर अनेकांना होतं. पापणी किंवा पोटरी फडफडणं हे थकव्याचं आणि कॅफिनचं काम असतं. हे फडफडणं पाहून एएलएसची भीती बसणं डॉक्टरांमध्ये आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये इतकं आढळतं, की न्यूरोलॉजिस्टांनी त्या भीतीला स्वतंत्र नावही दिलं आहे. आजाराच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे ताकद कमी होणं. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, असं काही नसेल तर नुसत्या फडफडण्यावर रात्र घालवू नका. विशीत हा आजार फार दुर्मीळ आहे.

डोळ्यांसमोर तरंगणारे धागे, आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहिल्यावर दिसणारे, बहुतेकांना असतात. मात्र ते अचानक खूप वाढले, सोबत विजेसारखे चमके दिसले किंवा दृष्टीवर पडदा आल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. निरोगी नमुने शिकण्याचा फायदा हाच. कुठे थांबायचं ते कळतं आणि कुठे धावायचं तेही कळतं.

आपल्या भागाचाही विचार करायला हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रासायनिक धूर शहरभर पसरला आणि लोकांचे डोळे, घसे चुरचुरले. २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत रसायनं ओतली गेली, तेव्हा उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना त्रास होऊन दवाखान्यात जावं लागलं. एमआयडीसीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या मुलाचा कोरडा खोकला, भर गर्दीच्या बदलापूर लोकलमध्ये रोज दीड तास उभं राहणाऱ्या मुलीची पाठदुखी, पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरल्यानंतरचा ताप, या सगळ्यांची कारणं पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात शोधण्याआधी घराच्या खिडकीतून शोधावीत. या भागात पावसाळ्यात आलेल्या तापामागे व्हायरल, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टो, ही नावं आधी येतात. ल्युकेमियाचा क्रमांक यांच्या फार मागे लागतो.

स्वतःच्या तपासण्या स्वतः लिहू नका

स्टेशनबाहेर ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक लागलेले असतात आणि लॅबमध्ये कोणी ना कोणी ओळखीचं असतं. भीती वाटली की रक्त देऊन टाकायचं, हा मार्ग फार सोपा झाला आहे. यात एक गणित लपलेलं आहे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे निरोगी माणसाची प्रत्येक तपासणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता विसात एक. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. चेकअपमधून दिलासा मिळवायला गेलेला मुलगा नवी काळजी घेऊन परततो तो असा.

बिलिरुबिनचं उदाहरण तर दरवर्षी भेटतं. गिल्बर्ट सिंड्रोम हा निरुपद्रवी प्रकार शंभरात तीन ते सात जणांत असतो. उपवास केला, जेवण चुकलं, ताप आला, की त्यांचं बिलिरुबिन थोडं चढतं. हॉस्टेलवर जेवण टाळून अभ्यास केला आणि सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, की रिपोर्टवर आकडा लाल. मग हेपॅटायटिसचा धडा, मग आणखी तपासण्या. मागवणारा, वाचणारा आणि घाबरणारा माणूस एकच असेल तर ही साखळी तुटत नाही.

म्हणून स्वतःसाठी एक डॉक्टर ठरवा. एकच. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ पूर्व-पश्चिमेला, कुळगाव-बदलापुरात अजून असे फॅमिली डॉक्टर आहेत ज्यांनी तुमच्या लहानपणीचा गोवर पाहिला आहे आणि तुमच्या आजोबांची साखर सांभाळली आहे. वैद्यकीयला प्रवेश मिळाला की मुलं त्यांच्याकडे जाणं बंद करतात. कधी संकोच, कधी ‘ते साधे जीपी’ ही समजूत. त्याऐवजी कॉरिडॉरमध्ये एखाद्या रेसिडेंटला गाठून, शर्टाची कॉलर बाजूला करून ‘सर, जरा ही गाठ बघा ना’ म्हटलं जातं. चोवीस तास जागा असलेला तो रेसिडेंट चालता चालता सांगतो, ‘काही नाही रे, आणि वाटलं तर सोनोग्राफी कर.’ पहिल्या तीन शब्दांनी मिळालेला धीर पुढच्या पाच शब्दांनी जातो. अशा तपासणीची नोंद नसते, पुढच्या भेटीची तारीख नसते आणि तुमचा पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसतो. डॉक्टरकाकांकडे रीतसर नंबर लावा, टेबलावर आडवे व्हा, पूर्ण तपासून घ्या. ‘मला लिम्फोमा झाला असेल अशी भीती वाटते’ हे वाक्य नेमक्या याच शब्दांत बोला. मनातला आजार लपवून नुसती लक्षणं सांगितली, तर त्यांच्या उत्तराने तुमचं समाधान होणार नाही, कारण खऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालेलंच नसेल. आणि निघताना विचारा, ‘कोणतं लक्षण दिसलं तर परत येऊ?’ ते उत्तर वहीत लिहून ठेवा.

पुढचं काम जास्त अवघड आहे. तपासून झाल्यावर पुन्हा स्वतः तपासायचं नाही. गाठ दाबणं, कोरोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर दिवसातून दहा वेळा बोटाला लावणं, बीपी मोजणं, मोबाइलवर लक्षण शोधणं, मैत्रिणीला तेच परत विचारणं, या सगळ्यांनी काही मिनिटं बरं वाटतं आणि मग शंका पहिल्यापेक्षा जोरात येते. एकदम बंद करणं जमणार नाही. आज दहा वेळा होत असेल तर या आठवड्यात दिवसाला तीन वेळा, वेळ ठरवून. पुढच्या आठवड्यात एकदा. हात मानेकडे गेला की घड्याळ बघा आणि वीस मिनिटं थांबा. बहुतेक वेळा तोवर ऊर्मी ओसरते, आणि ती आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवणं हाच उपचाराचा गाभा आहे. रात्रीच्या लोकलमध्ये डोंबिवली ते बदलापूर मोबाइलवर आजार शोधत बसणाऱ्यांनी निदान तेवढा वेळ तरी फोन बॅगेत ठेवावा. थकलेल्या मेंदूला रात्री अकरा वाजता कुठलीही गोष्ट खरी वाटते.

अभ्यास मात्र टाळू नका. ज्या धड्याची भीती वाटते तो वगळला की भीती त्या धड्यातच घर करते. तो दिवसा, चारचौघांत बसून वाचा, आणि प्रत्येक आजाराशेजारी पेन्सिलने दोन गोष्टी लिहा: हा कोणत्या वयात होतो, आणि याच लक्षणाचं सर्वांत नेहमीचं साधं कारण कोणतं. दुसरं उत्तर पुस्तकात सापडलं नाही तर ओपीडीत बसून विचारा. पुढे चांगला डॉक्टर व्हायला हीच सवय लागणार आहे.

जिथे भीती योग्य आहे

सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडून देणं धोक्याचं ठरेल. रुग्णालयात शिकणाऱ्यांना काही आजारांचा धोका खरोखर इतरांहून जास्त असतो, आणि त्याच बाबतीत मुलं निष्काळजी आढळतात. टीबी हा पहिला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्रीचा घाम, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. लहानपणी बीसीजी टोचली होती म्हणून निर्धास्त राहू नका, मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती भरवशाचं संरक्षण देत नाही.

दुसरी गोष्ट सुईची. वापरलेली सुई टोचली तर जागा पिळू नका, बोट तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत सांगा. एचआयव्ही रुग्णाच्या सुईने संसर्ग होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत घ्यायचा असतो, पुढे २८ दिवस तो कोर्स चालतो. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला औषधही येत नाही आणि झोपही येत नाही. नंतरच्या चाचण्या सांगितलेल्या तारखांनाच करायच्या, दर आठवड्याला नाही. हेपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्यांना याहून कितीतरी मोठा, रुग्णाच्या रक्तात विषाणू जोरात असेल तर ३० टक्क्यांपर्यंत. त्यावर लस आहे: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी मोजायची, ती १० किंवा अधिक यायला हवी.

हेही लक्षात ठेवा: दोन सेंटिमीटरहून मोठी, टणक किंवा महिनाभर न ओसरणारी गाठ, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खाचेत लागणारी कोणतीही गाठ, धावताना-चढताना येणारं छातीतलं दुखणं किंवा शुद्ध हरपणं, यांसाठी घाबरट ठरण्याचा विचार न करता जावं.

मदत कधी घ्यायची

तपासणीत काही निघालं नाही, तरी आठवडाभरात तीच भीती दुसऱ्या अवयवात जाऊन बसली. वॉर्ड टाळावासा वाटतो, झोप उडाली, पुस्तक उघडलं की धडधड होते. असं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जा. आजाराच्या या अतिरेकी भीतीच्या निदानात सहा महिन्यांचा काळ धरलेला आहे, पण मदत मागायला सहा महिने थांबण्याचं कारण नाही. यावर सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची उपचारपद्धत चांगली लागू पडते, गरज पडली तर औषधंही आहेत. ‘रेकॉर्डवर येईल, करिअर जाईल’ ही भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलते.

नॅशनल मेडिकल कमिशनच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २५ हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांची पाहणी आहे. त्यांतल्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं नोंदवलं, तर १६.२ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर हा लेख बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला आत्ता हाक मारा आणि १४४१६ला फोन लावा.

आईवडिलांना दोन शब्द. ‘डॉक्टर होणार आणि असा घाबरतोस?’ हे वाक्य घरात नको. ‘तुझ्या समाधानासाठी अजून एक टेस्ट करून टाक’ हेही नको, त्याने समाधान होत नाही. मुलगा काय म्हणतो ते ऐका, डॉक्टरकाकांनी काय सांगितलं याची आठवण द्या आणि विषय जेवणाकडे वळवा. सोसायटीतल्या लोकांना आपापले रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवू देऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलावर अख्ख्या इमारतीच्या आजारांचा भार टाकणं बरं नाही.

आणि या तीन शहरांतल्या फॅमिली डॉक्टरांना विनंती. असा विद्यार्थी दवाखान्यात आला तर त्याला हसू नका, ‘तुलाच कळायला हवं’ असं म्हणून परत पाठवू नका. पाच मिनिटं जास्त द्या, हात लावून तपासा, काय आहे आणि काय नाही ते स्पष्ट सांगा आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख त्याच्या केसपेपरवर लिहून द्या.